कुत्रं बूड घासतंय: शेपटीखालच्या ग्रंथी कधी पिळायच्या आणि कधी हात लावायचा नाही

कुत्रं फरशीवर बसतं, मागचे पाय पुढे ताणतं आणि पुढच्या पायांनी स्वतःला ओढत हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं. घरात हशा पिकतो, कुणीतरी मोबाइलवर टिपतं. पाठोपाठ सल्ला ठरलेला: "जंत झालेत, गोळी द्या." जंत असूही शकतात. पण बहुतेक वेळा भानगड असते ती गुदग्रंथींची, ज्यांना दवाखान्यात सगळेच 'अ‍ॅनल ग्लँड' म्हणतात. या ग्रंथी पिळून रिकाम्या करता येतात आणि ते घरी कसं करायचं ते पुढे दिलं आहे. मात्र पिळणं हा उपचार नव्हे, हे आधीच पक्कं धरून चला. तुंबलेली मोरी उपसणं वेगळं आणि ती सारखी का तुंबते ते शोधणं वेगळं.

जागा आणि काम

कुत्र्याच्या मागे उभं राहून शेपटी वर धरली आणि गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी असं मानलं, तर ४ आणि ८ या आकड्यांच्या जागी, कातडीखाली, एकेक छोटी पिशवी असते. म्हणजे खरं तर ग्रंथी पिशवीच्या भिंतीत असतात आणि पिशवीत त्यांचा स्राव साठतो. पण बोलताना सगळ्यालाच ग्रंथी म्हणतात, इथेही तसंच म्हटलं आहे. लहान कुत्र्यात ही पिशवी वाटाण्याएवढी, मोठ्या कुत्र्यात द्राक्षाएवढी. गुदद्वार आवळून धरणारे स्नायूंचे दोन थर असतात, त्यांच्या मधोमध ती बसलेली असते. तिची बारीक नळी गुदद्वाराच्या अगदी काठावर उघडते.

घट्ट शी बाहेर पडताना पिशवीवर आतून दाब येतो आणि थोडा स्राव शीबरोबर निघून जातो. कुत्री एकमेकांच्या शेपटीखाली हुंगून ओळख करून घेतात, ती बरीचशी या वासावरून. जोरात घाबरलं तरी पिशव्या एकदम रिकाम्या होतात. गाडीत किंवा दवाखान्याच्या टेबलावर अचानक सुक्या बोंबलासारखा, गंजक्या लोखंडासारखा वास सुटतो तो हाच. असं एखाद्या वेळी झालं तर तो आजार नव्हे.

म्हणजे सगळी मदार शीच्या घट्टपणावर आहे. शी सैल झाली की दाब पडत नाही, स्राव साचतो, साचला की दाटतो आणि पिठलं आळावं तसा होऊन बारीक नळीत अडकतो. मग जंतू वाढतात, भिंत सुजते, पू होतो, आणि शेवटी कातडी फोडून तो बाहेर येतो. तुंबणं, सूज, गळू, फुटणं असा हा क्रम आहे. पहिल्या पायरीवर घरी काही करता येतं. पुढच्या तिन्ही डॉक्टरांच्या.

आधी खात्री करा

बूड घासणं ही एकच खूण पुरेशी नाही. त्याबरोबर कुत्रं शेपटीखाली सारखं चाटतं का, बसता बसता दचकून उठतं आणि मागे वळून बघतं का, झोपून उठल्यावर गादीवर तपकिरी ठिपका आणि मासळीचा वास राहतो का, शी करताना पाठ वाकवून थांबतं किंवा कण्हतं का, हे पाहा. काही कुत्री घासत नाहीतच, नुसती शेपटी खाली दाबून फिरतात किंवा मांडीचे केस चावत बसतात.

दुसरी कारणं वगळायची पद्धत सोपी आहे. शीवर किंवा गुदद्वाराच्या केसांवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे, वळवळणारे तुकडे दिसले, किंवा वाळलेल्या तिळासारखे दाणे चिकटलेले दिसले, तर पट्टकृमी आहेत. त्यावर प्राझिक्वांटेल लागतं, साधारण किलोमागे ५ मिलिग्रॅम. पिल्लांना देतात त्या कित्येक पातळ जंतनाशकांत हे नसतं, त्यामुळे "औषध दिलं तरी फरक नाही" अशी तक्रार येते. बाटलीवरची नावं वाचा. हा कृमी पिसवांमधून येतो. कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. त्यामुळे पिसवांचा बंदोबस्त न करता नुसती गोळी दिली तर महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. पिसवा दिसत नसतील तर शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवा आणि निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

कुत्रं बुडाबरोबर पंजेही चाटत असेल, कान वरचेवर बिघडत असतील, पोट आणि काखा लालसर असतील तर मूळ अ‍ॅलर्जीत आहे. अ‍ॅलर्जीत गुदद्वाराभोवतीची कातडी खाजते, आणि ग्रंथीही सुजतात. अशा कुत्र्याच्या ग्रंथी दर महिन्याला पिळत राहणं म्हणजे ताप मोजत राहून औषध न देण्यासारखं आहे. जर्मन शेफर्डच्या शेपटीखाली एकापेक्षा जास्त छिद्रं, त्यातून पाणी किंवा पू, असं दिसलं तर ते भगंदर असण्याचा संभव मोठा. त्याचा उपचार अगदी निराळा आणि लांबलचक असतो. आणि लांब केसांच्या कुत्र्यात कधी कधी नुसता वाळलेल्या शीचा गुंता चिकटलेला असतो. तो कापला की काम झालं. शिट्झू, ल्हासा, पॉमेरेनियन असेल तर सगळ्यात आधी हेच बघा.

हात लावायचा नाही, अशा वेळा

गुदद्वाराच्या एका बाजूला लालसर किंवा जांभळट फुगवटा, नुसता हात जवळ नेला तरी कुत्रं गुरगुरतंय, रक्त किंवा पू, फुटलेली जखम, ताप, जेवण टाकलेलं, यातलं काहीही असेल तर पिळू नका. सुजलेली पिशवी दाबली की ती बाहेर रिकामी होण्याऐवजी आत, भोवतालच्या मांसात फुटू शकते. वाटाण्यासारखी टणक गाठ लागली आणि दाबून ती लहान होत नसेल, तरीही थांबा. कुत्र्याचं शरीराचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. माणसाच्या हिशेबाने तो ताप वाटेल, पण कुत्र्यात १०३ च्या वर गेलं की ताप म्हणायचं. अर्थात शेपटीखाली दुखत असताना तिथेच थर्मामीटर घालायला जाऊ नका, ते काम दवाखान्यात होऊ द्या.

आणि ज्या कुत्र्याला काहीच त्रास नाही त्याच्या ग्रंथी पिळायच्या नाहीत. शहरांत ग्रूमिंगच्या पॅकेजमध्ये नखं, कान, अंघोळ यांच्या जोडीला 'ग्लँड क्लीनिंग' फुकट येतं. निरोगी पिशवी दर महिन्याला दाबली जाते, नाजूक नळीला इजा होते, सूज येते, आणि जी पिशवी आपली आपण रिकामी होत होती ती तुंबायला लागते. ग्रूमरला स्पष्ट सांगा: ग्रंथींना हात लावू नका.

घरी पिळायची रीत

पहिल्यांदा हे डॉक्टरांसमोर, त्यांचं बोट कुठे जातं ते पाहून शिका. इथे वाचून जागा कळेल. दाब किती द्यायचा ते बघितल्याशिवाय कळत नाही.

लागतं ते एवढं: पातळ रबरी हातमोजे, व्हॅसलीन, कापूस किंवा टिश्यूचा जाड थर, कोमट पाण्याचा ओला फडका, कचऱ्याची पिशवी. जुने कपडे घाला. जागा मोरीची किंवा बाथरूमची. सोफ्यावर हे करायचं धाडस करू नका. अंघोळीच्या आधी केलं तर उत्तम, नंतर धुणं होतंच.

एक जण लागतो तो कुत्र्याला धरायला. त्याने एक हात मानेखालून घेऊन डोकं छातीशी धरायचं आणि दुसरा पोटाखालून, म्हणजे कुत्रं खाली बसणार नाही. कुत्रं चावरं असेल तर तोंडाला मझल. नाहीतर बँडेजच्या पट्टीची सैल गाठ तोंडाभोवती, दुसरी गाठ हनुवटीखाली, टोकं कानांमागे बांधायची. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला पट्टी बांधायची नाही, श्वास कोंडतो. तोंड बांधलेलं कुत्रं पाच मिनिटांहून जास्त तसं ठेवू नका.

गुदद्वारावर कोमट फडका मिनिट-दोन मिनिटं धरा. स्राव थोडा सैल होतो आणि कुत्रंही सैलावतं. मग डाव्या हाताने शेपटी मुळाशी धरून सरळ वर उचला. नुसती शेंड्याला धरून ओढलीत तर कुत्र्याला दुखेल आणि तुम्हाला काही उपयोग होणार नाही. मुळाशी वर घेतली की गुदद्वार थोडं बाहेर येतं आणि पिशव्या वरच्या थराला येतात.

उजव्या हाताचा अंगठा एका बाजूला आणि तर्जनी दुसऱ्या बाजूला, ४ आणि ८ च्या जागी, काठापासून थोडं बाहेर ठेवा. हलके चाचपा. भरलेली पिशवी घट्ट द्राक्षासारखी बोटाखाली सरकते. काहीच लागलं नाही तर पिशव्या रिकाम्या आहेत; तिथेच थांबा, काही काढायचं नाही. लागली तर टिश्यूचा थर गुदद्वारावर धरा, आपलं तोंड बाजूला घ्या (स्राव सरळ रेषेत फुटभर उडतो, आणि तोंड उघडं असेल तर जन्मभर लक्षात राहतो), आणि मग दाब द्या. दाबाची दिशा महत्त्वाची. आधी बोटं पिशवीच्या पलीकडे, कुत्र्याच्या डोक्याच्या दिशेने थोडी आत न्या, आणि मग दोन्ही बोटं एकमेकांकडे आणि आपल्याकडे आणा. टूथपेस्टची नळी मागून पुढे दाबतो तसं. बोटं सरळ पिशवीवर ठेवून पिचकवलं की नळीचं तोंडच बंद होतं आणि कुत्रं केकाटतं. नवशिक्यांची चूक नव्वद टक्के वेळा हीच.

दोन्ही पिशव्या एकदम जमल्या नाहीत तर एकेक करा. दोन, फार तर तीन वेळा दाबून पाहा. त्यात निघालं नाही तर सोडून द्या आणि डॉक्टरांकडे न्या. बाहेरून दाबताना पिशवी पूर्ण रिकामी होत नाही हेही लक्षात ठेवा. डॉक्टर मोजा घातलेलं, व्हॅसलीन लावलेलं बोट एक-दीड पेर आत घालून, अंगठा बाहेर ठेवून, पिशवी दोघांच्या मधे धरून हळूहळू निथळतात. ही पद्धत जास्त नीट असते, दाट स्राव तिनेच निघतो. पण आत बोट घालण्याचा प्रयोग घरी शिकल्याशिवाय करू नये.

झाल्यावर पुसा, धुवा, कोरडं करा, काहीतरी आवडीचं खायला द्या. पुढचे काही तास चाटणं थोडं वाढेल. दोन-तीन दिवसांनीही घासणं तसंच असेल तर कारण बहुधा दुसरंच आहे, पुन्हा पिळायला घेऊ नका.

टिश्यूवर काय आलं

लहान कुत्र्याचे काही थेंब, मोठ्याचा एखाद-दोन मिली. रंग पिवळसर, राखाडी, फिकट तपकिरी; पातळ पाण्यासारखं ते थोडं दाणेदार. हे सगळं निरोगी कुत्र्यातही आढळतं. निरोगी स्रावातही जंतू असतात, त्यामुळे केवळ रंग आणि वास यावरून अँटिबायोटिक सुरू करण्यात अर्थ नाही. शिळ्या मलमासारखं घट्ट, दाबल्यावर शेवेसारखं बाहेर येणारं असेल तर पिशवी तुंबलेली होती. हिरवट-पिवळा दाट पू, किंवा गुलाबी-लाल रक्तमिश्रित स्राव म्हणजे आत दाह आहे: त्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी दवाखाना. तिथे पिशवीच्या नळीत कॅन्युला म्हणजे औषध सोडायची बारीक नळी घालून सलाइनने धुतात आणि अँटिबायोटिक व स्टिरॉइड असलेलं मलम आत भरतात. बहुतेकदा हे आठवड्याच्या अंतराने पुन्हा करावं लागतं. एकदा धुऊन बरं वाटलं म्हणून दुसरी खेप बुडवली की महिन्याभरात तेच दुखणं परत.

तारीख, कुठल्या बाजूला किती निघालं, रंग, आणि आदल्या आठवड्यात शी कशी होती, एवढं कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीन-चार नोंदींत चित्र दिसतं: दर वेळी एकच बाजू भरते, किंवा दर वेळी आधी जुलाब झालेले असतात. डॉक्टरांना ही नोंद कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडते.

गळू झालं तर

संध्याकाळी एका बाजूला लालसर सूज दिसते, रात्री कुत्रं बसत नाही, सकाळी फरशीवर रक्त आणि पू. घाबरायला होतं, पण फुटल्यावर दाब कमी होऊन कुत्र्याला उलट बरं वाटतं. "आता फुटलंच आहे, बरं होईल" म्हणून सोडून देऊ नका. छिद्र वरून बुजतं, आत पू तसाच राहतो आणि तीन आठवड्यांनी गळू पुन्हा उभं.

डॉक्टरकडे पोचेपर्यंत शेक द्या. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ, त्यात स्वच्छ फडका बुडवून पिळून जागेवर ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तिथे गरम वाटलं तर कुत्र्याला चटका बसणार. न फुटलेलं गळू शेकाने मऊ होऊन फुटू शकतं, चालेल. सुईने टोचायचं नाही, दाबायचं नाही.

हळद-तेल, डेटॉलचं पाणी, माणसांचं मूळव्याधीचं मलम, यातलं काही लावू नका. लावलेलं सगळं कुत्रं चाटतं, आणि मूळव्याधीच्या मलमांत बधिर करणारी औषधं असतात ती पोटात जातात. त्याहून घातक म्हणजे घरातली वेदनाशामक गोळी. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं बंद पडतात. दुखण्यासाठी कुत्र्याला मेलॉक्सिकॅम वगैरे देतात, पण वजन मोजून आणि आधी स्टिरॉइड चालू नाही ना हे पाहून. दोन्ही एकत्र चालत नाहीत.

दवाखान्यात भूल किंवा गुंगी देऊन गळू उघडतात, धुतात, जखम बहुतेकदा शिवत नाहीत. ती आतून भरत यायला हवी. अँटिबायोटिक सांगितलेल्या दिवसांइतकं पूर्ण द्यायचं. गळ्यात प्लास्टिकचा कोन रात्रंदिवस. "बिचाऱ्याला त्रास होतो" म्हणून रात्री काढला की सकाळी टाके असोत वा नसोत, जखम उघडी. जेवताना समोर बसून काढा, लगेच घाला. साध्या गळूची जखम एक-दोन आठवड्यांत भरते.

पावसाळ्यात एक धोका आपल्याकडे जास्त, तो म्हणजे अळ्या. शेपटीखालची ओली, वास मारणारी जखम माशीला हवीच असते. अंडी घातल्यापासून दिवसाभरात अळ्या फिरायला लागतात आणि मांस खात आत जातात. जून ते ऑक्टोबर या काळात जखम दिवसातून दोनदा टॉर्च लावून पाहा, भोवतीचे केस कापून ठेवा, कुत्रं अंगणात असेल तर घरात घ्या, आणि माश्या बसू नयेत म्हणून जखमेचा स्प्रे डॉक्टरांना विचारून आणा. अळ्या दिसल्याच तर रॉकेल, पेट्रोल, फिनाइल ओतण्याची जुनी पद्धत इथे अजिबात करू नका. गुदद्वाराची आतली त्वचा त्याने भाजते आणि उरलेलं कुत्रं चाटून पोटात घेतं. चिमट्याने दिसतील तेवढ्या काढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गावाकडे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गायी-म्हशींची रांग असते म्हणून लोक कुत्रं न्यायला कचरतात. न्या. पिशवी निथळणं, गळू उघडणं याला मोठी साधनं लागत नाहीत. सोनोग्राफी किंवा ऑपरेशनची वेळ आली तर परळ, शिरवळ, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांकडे पाठवतात.

मुळाशी जायचं तर ताटलीपासून

पुन्हा पुन्हा तुंबणाऱ्या कुत्र्यांच्या खाण्याची चौकशी केली की तीच नावं येतात: दूध-पोळी, दूध-ब्रेड, चहाबरोबर बिस्किटं, दहीभातावर ताटातलं उरलेलं. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, शी सैल होते, आणि बाकीचं आपल्याला माहीत आहे. दूध बंद करा. नुसतं एवढं करून दोन आठवडे बघा. कोंबडीची कातडी आणि चरबी काढून टाका. उरलेल्या भाजी-आमटीतला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे, तो प्रश्न ग्रंथींच्याही पलीकडचा. खाणं बदलायचं असेल तर ७ ते १० दिवसांत, जुन्यात नवं वाढवत. एका रात्रीत बदललं की जुलाब, आणि जुलाबानंतर आठवड्याभरात घासणं.

शी कशी हवी? कागदाने उचलली तर अखंड उचलली जावी आणि फरशीवर ओला ठसा राहू नये. आकार मोडतोय, ठसा राहतोय, तर सैल. हाडं खाऊन पांढरी, खडूसारखी, कुंथून होणारी शीही कामाची नाही. तिने पिशवीवर दाब पडेल, पण कुत्र्याचा बद्धकोष्ठाने जीव जाईल.

तंतू वाढवायला सगळ्यात स्वस्त म्हणजे उकडलेला तांबडा भोपळा, साल-बिया काढून, मीठ-फोडणी न घालता. ५ किलोच्या कुत्र्याला रोज एक-दोन छोटे चमचे, १०-१५ किलोच्याला एक मोठा चमचा, लॅबसारख्या ३० किलोच्याला तीन मोठे चमचे. दुसरा पर्याय इसबगोल: १० किलोपर्यंत अर्धा छोटा चमचा, २५ किलोपर्यंत एक, त्यावर दोन, दिवसाला. सुरुवात पाव मात्रेने आणि आठवड्याभरात वाढवत. भरपूर पाण्यात दहा मिनिटं भिजवून, फुगल्यावर जेवणात कालवायचं. कोरडं टाकलं तर ते आतलंच पाणी शोषतं आणि शी अडते. साखर-सुगंध घातलेलं इसबगोलचं चूर्ण नको, साधं घ्या. दोन्ही एकदम सुरू करू नका, कशाने फरक पडला ते कळणार नाही. आणि तंतू जास्त झाले की शी पुन्हा मऊ होते, म्हणजे मात्रा मागे घ्या.

वजन हा दुसरा मुद्दा, आणि यावर मालक हमखास चिडतात. लठ्ठ कुत्र्याच्या पिशव्या चरबीत बुडालेल्या असतात, शीचा दाब त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. बरगड्यांवरून हलका हात फिरवला तर त्या बोटांना मोजता आल्या पाहिजेत. दाबून शोधाव्या लागत असतील तर खाणं कमी करा आणि चालणं वाढवा. फ्लॅटमधलं कुत्रं दिवसाला दोनदा खाली जाऊन पाच मिनिटांत वर येतं, त्यात त्याला नीट शी करायलाही वेळ मिळत नाही.

अ‍ॅलर्जीचा संशय असेल तर डॉक्टर एकच नवं प्रथिन आणि एकच पिष्ट असा आहार आठ आठवडे सांगतील. त्या काळात शेजारच्या काकूंनी दिलेलं एक बिस्किटसुद्धा सगळी चाचणी वाया घालवतं. घरातल्या सगळ्यांना, आणि काकूंनाही, आधी सांगून ठेवा.

जातींत फरक पडतो तो असा: २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींच्या मोठ्या अभ्यासात वर्षाला सुमारे ४.४ टक्के कुत्र्यांना हा त्रास आढळला, आणि त्यात स्पॅनिएल व चपट्या तोंडाच्या जाती पुढे होत्या. आपल्याकडे पग, शिट्झू, कॉकर पाळणाऱ्यांनी शेपटीखाली लक्ष ठेवायला हवं ते यासाठी.

गाठ आणि ऑपरेशन

साधारण आठ वर्षांपुढच्या कुत्र्याची दर महिन्याला ४ आणि ८ ची जागा चाचपा. एकाच बाजूला टणक, न दबणारी गाठ, आणि त्याच सुमाराला कुत्रं खूप पाणी पितंय, सारखं लघवीला जातंय, असं असेल तर उशीर करू नका. या ग्रंथींच्या कर्करोगात काही कुत्र्यांच्या रक्तातलं कॅल्शियम वाढतं, तहान त्यामुळे लागते. मूळ गाठ वाटाण्याएवढी आणि पोटातल्या लसिकाग्रंथी मात्र मोठ्या झालेल्या, असंही होतं. मग शी चपटी, फितीसारखी येते. रक्ततपासणी, पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे आणि सुईने घेतलेला नमुना, इतकं होतं. नसबंदी न केलेल्या वयस्क नरात गुदद्वाराभोवती येणाऱ्या गाठी मात्र बहुतेक साध्या असतात आणि नसबंदीनंतर कित्येकदा आकसतात. कुठली गाठ कुठली, हे बोटाने ठरत नाही.

कर्करोग नसतानाही, आहार-वजन-अ‍ॅलर्जी सगळं करून झालं आणि तरी वर्षातून तीन-चारदा गळू होत असेल, तर पिशव्या काढून टाकण्याचं ऑपरेशन करतात. पिशव्यांवाचून कुत्र्याचं काही अडत नाही. मात्र सूज पूर्ण उतरल्यावरच ते करायचं. सुजलेल्या मांसात पिशवीची हद्द दिसत नाही, तुकडा मागे राहतो आणि तिथून वर्षानुवर्षं पाझर राहतो. शेजारून शी धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या नसा जातात. ऑपरेशननंतर काही दिवस शी आवरत नाही असं होऊ शकतं, ते बहुधा सुधारतं. दोन्ही बाजूंच्या नसा दुखावल्या तर कायमचं राहतं. म्हणून "याआधी ही किती केलीत?" हे सर्जनना बेधडक विचारा. नंतर १० ते १४ दिवस कोन, शी मऊ ठेवणारं खाणं, आणि प्रत्येक शीनंतर कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडं करणं.

राहिला सोफ्याचा वास. डाग आधी टिश्यूने टिपून घ्या, घासू नका. मग भांड्यांचा साबण घातलेल्या साध्या पाण्याने दोनदा पुसा, वाळल्यावर खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून टाका. अत्तर किंवा रूम फ्रेशनर मारलंत तर खोलीला मोगऱ्यात घातलेल्या बोंबलांचा वास येईल.